बंगईच्या फळीवरचा छापा

मी लाकूड कोरायला शिकते आहे हे कळल्यावर धाकट्यानं व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "आजी, तुझ्याकडे प्रिंटर नाही का?" तुमची आई मागे हसत सुटली आणि प्रश्न तसाच राहिला. प्रिंटर आहे बाळा. पण याचं उत्तर कॉलवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहून पाठवते. मोठीनं वाचायचं, धाकट्यानं ऐकायचं, अडेल तिथे आईला विचारायचं. मी शिकले इंग्रजीत आणि पुढे वर्षानुवर्षं शिकवलंही इंग्रजीच. पण हे इंग्रजीत लिहायला घेतलं असतं तर बंगईला, म्हणजे घरातल्या झोपाळ्याला, नुसतं 'स्विंग' म्हणावं लागलं असतं, आणि तो बागेतला वाटला असता.

बंगई आपल्या जुन्या घरात बैठकीत होती. एक माणूस आडवा झोपेल एवढी सागवानी फळी, चार कोपऱ्यांना चार लोखंडी कड्या, वर छताला हूक. आजोबा कचेरीतून आले की हातपाय धुऊन तिच्यावर बसत. समोरून पाहिलं तर उजव्या टोकाला. डाव्या हातानं कडी धरायची, चष्मा कपाळावर चढवायचा, पेपर मांडीवर आणि एका पायाच्या अंगठ्यानं हळूच झोका. त्यांची जागा ठरलेली होती. दुसरं टोक रिकामं असे. चहा घेऊन आले की मी तिथे टेकायची, चहा संपला की उठायची.

आता मी राहते त्या फ्लॅटमध्ये छताला हूक नाहीत. कड्या मी कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. फळी चादरीत बांधून झोपण्याच्या खोलीत दाराआड उभी केली. दार पूर्ण उघडत नसे, पण तिला बाहेर काढायचं मनात आलं नाही.

आजोबा गेले तेव्हा मोठी चार वर्षांची होती आणि धाकटा जन्मायचा होता. धाकट्यानं त्यांना पाहिलंय ते भिंतीवरच्या फोटोत. तो फोटो कचेरीच्या ओळखपत्राचा, मोठा करून घेतलेला. एकदा तो म्हणाला, "हे आजोबा रागावलेत." मी म्हटलं, नाही रे, फोटोवाल्यानं हलू नका म्हणून सांगितलं होतं. त्याला काही ते पटलं नाही. बंगईवरचा आमचा एकच फोटो आहे, आणि तो मोठीनं चार वर्षांची असताना काढलेला. त्यात आजोबांचे पाय आहेत, पेपर आहे, माझ्या हातातला कप आहे. आमची दोघांची डोकी तिनं कापून टाकली आहेत.

तर धाकट्याला बंगईवरचे, न रागावलेले आजोबा द्यायचे, एवढंच माझ्या मनात होतं. कसे द्यायचे हे माहीत नव्हतं.

ते माहीत झालं इथल्याच एका गोदामात. पूर्वी तिथे कापसाच्या गाठी ठेवत. आता एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी ते घेतलंय. दर रविवारी चारदोन लोक जमतात आणि लाकडावर चित्र कोरून त्याचे छापे काढतात. कोरलेला भाग पांढरा राहतो, न कोरलेल्या भागाला शाई लागते, वर कागद ठेवून मागून घासलं की चित्र कागदावर येतं. मोठं यंत्र वगैरे काही नाही. घासायला स्वयंपाकघरातले चमचे. मी पहिल्या दिवशी नुसती बघायला गेले होते. मास्तरांनी हातात एक पटाशी आणि खोक्याच्या लाकडाचा तुकडा दिला आणि म्हणाले, "बघायला तिकडे टीव्ही आहे मॅडम. इथे बसायचं."

नेहमीचे म्हणावेत असे आम्ही चारच. मास्तर, दिग्रसहून एसटीनं येणारे एक भाऊ, जे कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनी दुरुस्त करतात आणि कोरतात मात्र फक्त पक्षी, एसटीतच कंडक्टर असलेली एक बाई, जी ड्यूटी नसेल त्या रविवारी डब्यात सांबारवडी घेऊन येते, आणि मी. सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर, हे तुम्ही मागच्या वेळी शिकला आहात.

कंडक्टर बाई बसमध्ये आलेली माणसं कोरते. पहिल्या महिन्यात माझं कोरणं पाहून ती म्हणाली, "काकू, हे वांगं हाय का भाऊचा पक्षी?"

ते कापसाचं बोंड होतं.

"माह्या पक्ष्याले कायले मधात आणून राह्यली?" भाऊ म्हणाले.

पण तिनंच मला पटाशी अंगाकडे न ओढता पुढे ढकलायला शिकवलं, आणि माझं बोट कापलं तेव्हा तिकिटांच्या पिशवीतून पट्टीही तिनंच काढून दिली.

या गोदामाची एक रीत आहे. ज्यानं कोरलं, त्यानं पहिला कागद उचलायचा नाही. शाई लावून, कागद घासून झाला की कोरणाऱ्यानं हात धुवायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कागद दुसरं कोणी तरी उचलतं, बाकीचे काम थांबवून आधी बघतात, मग तुम्हाला वळायला सांगतात. मी मास्तरांना कारण विचारलं. ते म्हणाले, "कोरणाऱ्याला पहिल्यांदा चुकाच दिसतात. चित्र आधी दुसऱ्यानं पाहिलेलं बरं." पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून उभी राहिले तेव्हा मला माझ्याच वर्गातल्या पोरांची आठवण झाली. पण मागून कंडक्टर बाई ओरडली, "बाप्पा! बोंड फुटलं न जी काकूंचं!" आणि वळून पाहते तो खरोखरच बोंड होतं.

त्यानंतर मी फळीबद्दल बोलले. म्हणजे आधी मास्तरांशी बोलले, मग सगळ्यांशी. भाऊ आणि मास्तरांनी ऑटोत आडवी घालून ती गोदामात आणली. खालची बाजू लोखंडी पट्ट्यांनी चरे पडलेली आणि मधोमध तडकलेली होती. छापा काढायचा तर बसायच्या बाजूवरच. भाऊंनी विचारलं, "एक हात रंधा मारून देऊ? नवी करून देतो तुमाले." मी नको म्हटलं. इतक्या वर्षांच्या बसण्यानं तिला जी चकाकी आली होती ती मला घालवायची नव्हती. छाप्यासाठी लाकूड सपाट लागतं, म्हणून मी माझी बारा इंची पट्टी जागोजागी ठेवून पाहिली. कुठेही फट दिसली नाही. मास्तरांनीही वरवर हात फिरवला आणि मान हलवली. पण एक गोष्ट ते बजावून म्हणाले, "मॅडम, ही एकच फळी आहे. इथे खोडरबर नाही."

तेच तर भय होतं. आणि भय तोंडाचं होतं. फोटोत डोकी नाहीत, भिंतीवरचे आजोबा रागावलेले. डोळे मिटले की मला ते पूर्ण दिसत. पेन्सिल टेकवली की नाहीसे होत. दोन रविवार मी नुसतेच कागद खराब केले. तिसऱ्या रविवारी कंडक्टर बाईनं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"काकू, थांबा. मी विचारते, तुम्ही सांगा. काका हसत तवा दात दिसत का?"

"नाही. ओठ मिटलेले. पण गाल वर जायचे."

"डोळे?"

"बारीक व्हायचे. डावा जास्त."

"भाऊ, बसा बरं त्या बाकड्यावर. डाव्या हातात दोर धरा."

"म्या काहून? मले लाज वाटते."

"पक्षी बसते तसे बसा, मंग नाई वाटनार."

भाऊ बसले. आढ्याला बांधलेला दोर त्यांनी धरला, कपाळावर मास्तरांचा चष्मा चढवला, आणि अंगठा जमिनीला टेकवा असं मी सांगायच्या आधीच त्यांनी टेकवला. मी काढत गेले. कान जमेनात तेव्हा मास्तर पुढे येऊन बसले, कारण आजोबांचे कान तसेच मोठे होते. तेव्हा धाकट्या, चित्रातले आजोबा आजोबाच आहेत, पण खांदा थोडा भाऊंचा आहे आणि कान मास्तरांचे.

छाप्यात सगळं उलटं येतं, डावं ते उजवं होतं. आजोबा त्यांच्याच टोकाला यायला हवे होते, म्हणून मी चित्र आरशात धरून उलटं करून घेतलं, दोनदा तपासलं आणि मग कार्बन कागद लावून फळीवर उतरवलं. फळीवर आजोबा आले डावीकडे, माझ्या जागी, आणि चहाचा कप घेतलेली मी उजवीकडे. छापा निघेल तेव्हा दोघं आपापल्या जागी जातील. पाऊस संपल्यावर कोरायला घेतलं, तोंड सगळ्यात शेवटी. गाल कोरताना तिघंही आपापलं काम सोडून माझ्याभोवती येऊन उभे राहिले.

थंडी सरत आली तेव्हा छापा काढला. मास्तरांनी रोलरनं शाई लावली, चौघांनी चार टोकं धरून कागद वर ठेवला, आणि चार चमच्यांनी आम्ही घासत राहिलो. हात भरून आले. मग मी हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर भाऊंचे पक्षी लटकत होते. कागद सुटण्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच आवाज आला नाही.

"काय झालं?" मी विचारलं. वळायची परवानगी नव्हती.

"काका आले जी काकू," कंडक्टर बाई म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "मी त कधी पाह्यलं नाई त्याइले, पन आले. हसून राह्यले."

"मग गप्प का आहात?"

"तुम्ही कुठी गेल्या, थे पाहून राह्यलो."

मी वळले. आजोबा उजव्या टोकाला बसले होते. काळेभोर, स्पष्ट, गाल वर गेलेले, डावा डोळा बारीक. आणि डाव्या टोकाला, जिथे मी असायला हवी होती, तिथे एक मोठा पुसट गोल डाग होता. त्यात माझा कप होता, पदराची एक कड होती, बाकी मी धुक्यात असावी तशी.

माझ्या मनात पहिला विचार आला तो शाई कमी पडल्याचा. मास्तर फळीजवळ गेले, खाली वाकले आणि तिरप्या नजरेनं पाहत राहिले. मग त्यांनी माझा हात धरून फळीच्या उजव्या टोकावर ठेवला आणि हळूच मधे ओढला. तळवा किंचित खाली गेला आणि परत वर आला. डोळ्यांना दिसणार नाही एवढाच खोलगट, पण चांगला हातभर रुंद. माझी बारा इंची पट्टी त्याच्यात आख्खी बसत होती, म्हणून तिला फट सापडली नव्हती.

"इथे कोण बसायचं?" मास्तरांनी विचारलं.

मी सांगायच्या आधीच भाऊंच्या लक्षात आलं. "काकांची जागा न थे?"

हो. आजोबांनी रोज बसून बसून ती जागा झिजवली होती. तिथपर्यंत रोलर पोचला नाही. आणि मी चित्र उलटं करून घेतल्यामुळे त्यांच्या झिजलेल्या जागेवर कोरली गेले होते मी. मी आरसा धरला नसता, आजोबांना त्यांच्याच जागेवर कोरलं असतं, तर धाकट्यासाठी इतके महिने कोरलेलं तोंड धुक्यात गेलं असतं. माझी जागा सपाट होती. चहापुरतं टेकून लाकूड झिजत नाही.

मी बाकड्यावर बसले. कंडक्टर बाईनं सांबारवडीचा डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसली.

मग भाऊ म्हणाले, "होते न जी दुरुस्त. रोलर नाई पोचत त बोळा पोचते." त्यांच्या पिशवीत जिनिंगमधली रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, असतेच. तिचा बोळा करून फडक्यात बांधला, शाईत बुडवला आणि त्या खोलगट जागेवर टिपत गेले. नवा कागद ठेवल्यावर तिथे चमचा चालेना, तेव्हा मास्तर म्हणाले, "अंगठ्यानं घासा. तुम्हीच घासा." मी घासलं. दुसऱ्या छाप्यात मी नीट आले. नाक, बांगड्या, सगळं.

दोन्ही छापे दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातले. परीक्षक म्हणून मी दुसऱ्याला जास्त गुण दिले असते. मास्तरांचंही तेच मत पडलं. पण पाठवायची वेळ आली तेव्हा मी दोन्ही गुंडाळून पुठ्ठ्याच्या दोन नळ्यांत घातले आणि वर नावं लिहिली. चांगला छापा मोठीला. तू फोटोत आमची डोकी कापली होतीस, ती परत घे. पुसट छापा धाकट्याला.

बाळा, तुझ्या चित्रात आजी नीट दिसत नाही. तुझी आई म्हणेल की कुरिअरमध्ये खराब झालं. झालेलं नाही. उजवीकडे आजोबा आहेत, बघ, ते रागावलेले नाहीत. आणि डावीकडचा जो पांढुरका गोल आहे, तिथे ते खरोखरचे बसलेले आहेत. तो गोल मी काढलेला नाही, त्यांनीच केलाय.

फळी आता दाराआड नाही. दोन बुटक्या स्टुलांवर ठेवून मी ती खिडकीशी मांडली आहे. कंडक्टर बाई परवा आली होती, म्हणाली, "बसाची सोय गेली न काकू, आता पोट्ट्याइनं बसाव कुठी?" मी म्हटलं, बसायचं नाही, हात फिरवायचा. याल तेव्हा दोघं हात धुऊन या. शाई अजून थोडी लागते, म्हणून नंतरही धुवा. उजव्या टोकापासून सुरू करा, डोळे मिटून, हळू. हात खाली जाईल तिथे थांबा.