थांबा म्हणणाऱ्या पेशी

चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटीला आहे, तिथं गाड्यांचे दरवाजे प्रेसमधून निघतात आणि माझ्या हाताखालून जातात. अगदी शब्दशः. सुती हातमोजा घालून पत्र्यावरून हात फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा खड्डा बोटांना लागतो. लागला की मी लाइन थांबवते. मग प्रॉडक्शनवाले माझ्या नावानं बोटं मोडतात, "मॅडम, डिस्पॅच अडकलाय हो!" म्हणून गळा काढतात. मी ढिम्म हलत नाही. या कामात मी पक्की आहे आणि हे सांगायला मला कसलाही संकोच नाही.

म्हणूनच एका सकाळी बोटं सुजून मूठ वळेना, तेव्हा माझं धाबं दणाणलं. बोटं गेली तर मी त्या लाइनवर उभी तरी कशाला राहणार? तपासण्यांत संधिवात निघाला. म्हातारपणी गुडघे धरणारा नव्हे, तर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, तो.

सांगवीतल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या. त्यांनी न घाबरवता समजावलं. रक्तात लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात. त्यांना रेग्युलेटरी टी सेल्स म्हणतात. त्या जंतूंच्या मागे धावत नाहीत; लढणाऱ्या पेशी घरच्यांवरच हात उगारू लागल्या की त्यांना अडवतात.

"तुमच्यात त्या कमी पडतायत," त्या म्हणाल्या. "त्या थांबा म्हणतात, पण बाकीच्या ऐकत नाहीत."

"म्हणजे क्वालिटी डिपार्टमेंट."

त्या मोठ्यानं हसल्या. "तसंच. पण त्यांनीही डोक्यावर बसून चालत नाही. काही कॅन्सरच्या गाठींत याच पेशी गर्दी करतात आणि गाठीशी लढणाऱ्यांनाच गप्प बसवतात."

आवरणाऱ्या पेशींना बळ देणाऱ्या औषधांवर अजून संशोधन चालू आहे. मला मिळाली ती आठवड्यातून एकदा घ्यायची, लढणाऱ्यांचा जोर उतरवणारी गोळी. हळूहळू बोटं मोकळी झाली. मी पुन्हा लाइन थांबवू लागले आणि शिव्या खाऊ लागले. फार बरं वाटलं.

मग एका रक्ततपासणीत लिव्हर बिघडलेलं दिसलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि विचारलं, "आणखी काय घेताय?"

"काही नाही हो. फक्त आबांचा काढा."

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे मोशीचे, पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. रोज पहाटे दुचाकी काढून इंद्रायणीकाठी जायचं, कडुनिंबावर चढलेली गुळवेल आणायची, ठेचून उकळायची. कोरोनात आख्ख्या सोसायटीनं त्यांच्या हातचा काढा प्यायला होता. प्रतिकारशक्ती वाढते ना! आमच्याकडं कुठल्याही दुखण्यावर हेच उत्तर.

"जी प्रतिकारशक्ती आपण खाली बसवतोय, तिलाच तुम्ही रोज सकाळी उठवताय," डॉक्टर म्हणाल्या. "आणि गुळवेलीनं काहींचं लिव्हर सुजतं. तुमचं त्यानंच सुजलं असावं. काढा बंद."

म्हणायला सोपं. आई गेल्यापासून काढ्याचं ते पातेलंच आबांचं काम होतं. मॅनेजरच्या तोंडावर लाइन बंद करणारी मी, घरी माझी जीभ रेटेना. इकडं गोळी बंद, काढा चालूच, बोटं पुन्हा फुगायला लागली. शेवटी एका सकाळी पेला समोर आला आणि मी स्वतःवरच चिडले.

"आबा, हा काढा मला चालत नाही. यानं माझी बोटं जातील."

"कोरोनात समद्या बिल्डिंगीला चालला की गं!"

"माझ्यात ताकद कमी नाही, आबा. जास्त झालीय आणि ती माझ्यावरच उठलीय. तिला आवरणारं आत कुणी नाही."

त्यांनी पेला माझ्यापुढून उचलला. "म्हंजी मीच तुला..."

"नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. मला तरी कुठं माहीत होतं?"

"मग आता तुझ्यासाठी काय करू मी?"

"काही करू नका," मी म्हणाले. जरा तुटकच निघालं तोंडातून. त्यांनी गॅस बंद केला आणि गॅलरीत जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

लिव्हर ताळ्यावर आलं, गोळी सुरू झाली, सूज उतरली. मग एका रविवारी शेजारच्या काकू कसलंसं चूर्ण घेऊन आल्या. आबा दारातच उभे राहिले.

"ताई, लई उपकार. पन हे घरात न्हाई घ्यायचं."

"अहो, आयुर्वेदिक आहे. प्रतिकारशक्ती वाढते पोरीची."

"तिच्यात लई हाय ती! कमी करायची हाय आमाला."

"थोडं घेऊन तर बघू द्या तिला..."

"न्हाई म्हनलं ना!"

आबांनी बायामाणसांवर आवाज चढवलेला मी जन्मात ऐकला नव्हता. मी आत कणीक मळत होते. हात तसेच परातीत ठेवून मी पोटभर रडले.