आठ पैंजणांची चिंबोरी

चहा निवायच्या आत सांगून टाकते. माझी ही फजिती तुमच्यापर्यंत कोणा ना कोणाकडून पोहोचणारच आहे. तर ती निदान मूळ निवेदकाच्या तोंडून यावी, एवढाच हेतू.

लोकगीतं गोळा करायला मी गावोगाव हिंडते, हे तुम्ही जाणता. त्या कामातला माझा एक कडक नियम आहे. कोणाच्याही घरी ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी टीव्ही बंद करायला सांगायचं. आवाजाचा व्यत्यय हे त्याचं वरवरचं कारण. खरं कारण असं की, टीव्हीने आपली मौखिक परंपरा गिळली, हे मत मी वर्गात आयुष्यभर मांडत आले. आणि मत फार जुनं झालं की माणूस त्याला नियम म्हणू लागतो.

तर पनवेलहून रिक्षा करून मी करंजाड्याला वनिताकडे गेले. वनिता आगरी घरातली. तिची आजी लग्नांत धवले गायची. तिच्या आवाजाशिवाय आसपासच्या गावांत कोणाला हळद लागत नसे. आता आजी नाही, भाताची खाचरं नाहीत, आणि जिथे ती होती तिथल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर वनिता राहते. आजीच्या गाण्यांतलं काही नातीकडे उतरलं आहे का, एवढंच मला पाहायचं होतं.

दिवाणखान्यात टीव्ही सुरू होता आणि वनिताची लहानगी त्याच्यापुढे मांडी ठोकून बसली होती. मी नियम सांगितला. टीव्ही बंद झाला. पोरीने असं भोकाड पसरलं की जिन्यातली माणसं दारात येऊन डोकावली. मग वनिताने तिला मांडीवर घेतलं आणि गाऊ लागली:

*चिंबोरी बसली बांधावर,*
*चांद उतरला पान्यावर,*
*आठ पायांत आठ पैंजण,*
*खाजण वाजं छनछन छन!*

पोर गप्प झाली. मी घाईने ध्वनिमुद्रण सुरू केलं.

आता मला सांगा, कोणता अभ्यासक हे हातचं जाऊ देईल? अमावास्येला चिंबोरी भरलेली आणि पुनवेला पोकळ, हे या पट्ट्यातली कोणतीही मासळीवाली सांगेल. चंद्र आणि खेकडीण यांचं नातं लोकमानसात आधीपासून आहेच. इथे तर खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, त्यांचा साक्षात विवाह लागत होता! आठ पैंजण म्हणजे उघडच अष्टदिशा. मी विचारलं, हे गाणं कधीपासून येतं? लहानपणापासून, ती म्हणाली.

“मॅडम, टीवीवर लावून दाखवू का तुमाला?”

“टीव्ही नको, वनिता. तूच गा.”

ती जरा लाजली, आणि पुन्हा गायली. निघताना तिने सांगितलं की उरणकडे दिलेल्या तिच्या धाकट्या बहिणीच्या घरीही हे गाणं म्हणतात. मी पुढच्याच आठवड्यात तिथे हजर. तिथेही एक टीव्ही, त्यापुढे एक मूल. टीव्ही बंद, मूल रडू लागलं, बहीण गाऊ लागली. फक्त तिच्या गाण्यात पैंजण आठ नव्हते, सहा होते.

पाठभेद! तुम्हाला याचा आनंद कळायचा नाही. पाठभेद मिळाला की गाणं जुनं असल्याची अर्धी खात्री पटते. सहा पैंजण म्हणजे सहा ऋतू. माहेरचं गाणं सासुरवाशिणीबरोबर प्रवास करतं, हा सिद्धांतही आयताच सिद्ध झाला. मी प्रकरण लिहिलं, ते पुस्तकाच्या आरंभी घातलं, आणि प्रकाशकांनी माझ्या आग्रहास्तव मुखपृष्ठावर चिंबोरी घेतली. प्रकरणाचा निष्कर्ष मला अजून पाठ आहे: ‘टीव्ही बंद होताच हे गीत प्रकट होते.’ वाक्य शब्दशः खरं होतं, हीच तर पंचाईत.

पुस्तक छपाईला गेलं त्याच सुमारास आमच्या वाचनालयाने माझं व्याख्यान ठेवलं. वनिताला शाल-श्रीफळ द्यायचं मी ठरवलं होतं. ती लेकीला घेऊन पहिल्या रांगेत बसली. मी ध्वनिमुद्रण ऐकवलं, तर मागच्या रांगांतल्या दोन-तीन तरुण आया गुणगुणू लागल्या, पाठोपाठ त्यांची पोरं. मी म्हणाले, पाहा, परंपरा कशी झोपलेली असते आणि हाक मारताच कशी जागी होते! टाळ्या झाल्या. त्या भरात मी वनिताला दोन शब्द बोलायला बोलावलं.

“मॅडमनी माजं एवढं कौतुक केलं, बरं वाटलं,” ती म्हणाली. “पन माज्यापेक्षा टीवीतलं भारी हाय. त्यात बगळे बेंजो वाजवतात.”

सभागृहात कोणीतरी खोकलं. माझ्या हातातला माइक सुरूच होता.

“कोणत्या टीव्हीत?”

“तुमी बंद करायला लावला ना, त्याच.”

मग सगळा उलगडा तिथेच, त्याच माइकवर झाला. वनिता शाळेत असताना एका दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवर मुलांसाठी तासाभराचा गाण्यांचा कार्टूनपट लागला होता, ‘खाजणातली वरात’. फार कोणी पाहिला नाही. वनिताच्या भावाने मात्र कुठूनशी त्याची सीडी मिळवली. पुढे सीडीचा पेनड्राइव्ह झाला, त्याच्या प्रती ओळखीच्या आयांकडे फिरल्या, आणि एक बहिणीबरोबर सासरी गेली. दोन्ही घरी मी टीव्ही बंद करायला लावला तेव्हा हेच लागलं होतं. माझा सासुरवाशिणीचा सिद्धांत तेवढा बरोबर ठरला! सहा पैंजणांचंही उत्तर मिळालं. दुसऱ्या कडव्यात चिंबोरीचे दोन पैंजण चिखलात रुततात, आणि बहिणीने नेमकं तेच कडवं म्हटलं होतं. वनिताला वाटलं होतं, बाईंना कार्टून ठाऊकच असणार, त्यांना फक्त तिचा आवाज हवा आहे. म्हणून ती लाजली होती.

शाल तरीही मी तिलाच दिली. तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात ठेवला. “आता तरी बघा,” म्हणाली.

मी प्रकाशकांना फोन करून प्रकरण काढून घेतलं. मुखपृष्ठ छापून झालं होतं. तेव्हा पुस्तकात एकही खेकडा नसताना वर चिंबोरी का, असं कोणी विचारलं, तर विषय बदला.

त्या संध्याकाळी मी ‘खाजणातली वरात’ लावली. लोकगीताचा कर्ता अनामिक असतो, हे माझं आवडतं वाक्य. या कर्त्याचं नाव, आडनाव पडद्यावर ठळक अक्षरांत आलं. पण खरं सांगते, चिंबोरी गोड आहे. चांद पाण्यात उतरतो तेव्हा बगळे खरोखरच सुंदर वाजवतात. वरात निघाली, मी पुढे सरकून बसले, आणि एवढ्यात आमच्या ह्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

“अहो! वरात निघालीय!”

“पानं वाढलीत. आणि टीव्ही बंद करायचा नियम तुझाच आहे.”

मी तोंड फुगवून पानावर बसले. वरणावर तूप घेता घेता कधी गुणगुणू लागले, माझं मलाच कळलं नाही.

हे म्हणाले, “सात पैंजण? आत्ता तर आठ होते.”

पाठभेद तिसरा. निवेदक स्त्री, निवृत्त प्राध्यापिका, राहणार पनवेल. टीव्ही बंद होताच गीत प्रकट झाले.