गुरुवारच्या सुट्टीचं बेट

मंडळी, ही पोस्ट बेटाच्या धक्क्यावर उभी राहून लिहितेय, कारण रेंज फक्त इथेच येते.

मी चाकणच्या कंपनीत सुपरवायझर, नवरा तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये. आमच्या शिफ्ट कधी जुळत नाहीत. म्हणून गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवारची रजा जोडून कोकणातलं हे खासगी बेट मीच शोधलं. चार झोपड्या, कंदील, समोर समुद्र. जेवल्यावर आपली ताटं आपणच घासायची. "आपण दोघंच असू," असं नवऱ्याला ठासून सांगितलं होतं.

सकाळी होडीतून उतरलो, तर बाकीच्या तिन्ही झोपड्या भरलेल्या. भोसरी, चिंचवड आणि चाकणची जोडपी. आपल्या अख्ख्या कारखान्यांच्या पट्ट्याला गुरुवारीच सुट्टी असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

भोसरीच्या भाऊंनी नवऱ्याला विचारलं, "काय राव, तुमच्याकडे ओव्हरटाइम चालू आहे का?" झालं. दुपारपर्यंत चौघे पुरुष वाळूत बसून मशीनवर बोलत होते.

शेवटी मी जाऊन सांगितलं, "आता जो कंपनीचं नाव काढेल, तो रात्री सगळ्यांची ताटं घासेल."

सगळे हसून तयार झाले. मग बराच वेळ कोणालाच काही बोलायला सुचेना. थोड्या वेळाने माझा नवरा उठला आणि म्हणाला, "चल, पाण्यात जाऊ." सूर्य बुडेपर्यंत आम्ही पाण्यात होतो.

ताटं भोसरीचे भाऊ घासतायत.

आता तुम्ही खरं सांगा, सुट्टीच्या दिवशी कंपनी सोडून घरात काय बोलता?