ई-लिक्विड मुरेपर्यंत

ई-सिगारेटमध्ये भरायचं ई-लिक्विड मुरवलं की चांगलं लागतं का, असं मला कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. लागतं. दोन आठवडे अंधारात ठेवलं की पहिला उग्र वास उतरतो, घशाला बसणारा चटका कमी होतो. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, पण हे मला पक्कं माहीत आहे. ज्या वर्षी हे ज्ञान पदरात पडलं, त्या वर्षाला आग लागो.

ते २००८ साल. आम्ही अमेरिकेत, ट्रॉयमध्ये राहत होतो. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि मी डिपेंडंट व्हिसावर घरी होते. एप्रिलमध्ये, चालू मीटिंगमध्ये, तो छातीवर हात दाबून खाली बसला. वय एकेचाळीस. दोन स्टेंट घातले. डॉक्टरांनी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसून सांगितलं की सिगारेट चालू राहिली तर पुढच्या वेळी इथपर्यंत पोचालच असं नाही. हे त्याला कळलं तितकंच मलाही कळलं. फरक एवढाच की मला त्यानंतर झोप लागेनाशी झाली आणि तो घोरायचा.

साताऱ्याला सासूबाईंना आम्ही काहीच कळवलं नाही. एवढ्या लांबून त्यांना कशाला घोर लावायचा, असं त्याने ठरवलं. तो सगळा घोर मग माझ्या एकटीच्या वाट्याला आला.

वीस दिवस त्याने सिगारेटला हात लावला नाही. एकविसाव्या दिवशी त्याच्या जाकिटाला पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास यायला लागला आणि मी काय ते समजले. निकोटिनच्या पॅचने दंडावर लाल चट्टे उठले. निकोटिनच्या च्युइंगगमने तोंड येतं म्हणाला. ऑफिसात तेव्हा मंदीमुळे रोज कुणाचं तरी टेबल रिकामं होत होतं, त्यामुळे स्ट्रेस हे कारण त्याच्या खिशात कायम तयार असायचं. मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, एकदा अख्खं पाकीट सिंकमध्ये भिजवलं. त्याने दुसरं आणलं.

जुलैमध्ये त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने इंटरनेटवरून ई-सिगारेट मागवली होती, ती पाहून यानेही मागवली. पेनासारखी नळी, टोकाला छोटंसं कार्ट्रिज, त्यातल्या कापसावर लिक्विडचे चार थेंब टाकायचे आणि ओढायचं. धुराऐवजी वाफ. सोबत तंबाखूच्या चवीच्या सहा बाटल्या. पार्सल चीनहून यायला तीन आठवडे लागले. ते देवापुढे ठेवायचंच काय ते बाकी होतं.

त्याने दोन दिवस ओढली आणि ठेवून दिली.

"टेस्ट फार हार्श आहे यार," तो म्हणाला. "नेलपॉलिश ओढल्यासारखं वाटतं."

"म्हणून सोडून देणार?"

"मी ट्राय केलं ना?"

मी कॉम्प्युटरवर बसले. एका फोरमवर लोकांनी लिहिलं होतं की ताज्या लिक्विडला चव नसतेच, ते काही दिवस ठेवून द्यावं लागतं, मधूनमधून हलवावं लागतं, मग सगळं एकजीव होतं आणि रंग गडद होतो. वाचताना माझा जीव भांड्यात पडला. मुरवायचं होतं तर! मुरवणं म्हणजे काय हे मला त्या फोरमवाल्यांनी शिकवायची गरज नव्हती. माझ्या हातच्या लिंबाच्या लोणच्यासाठी ट्रॉयमधल्या चार घरांतून रिकाम्या बाटल्या यायच्या. तरी खात्री असावी म्हणून मी सासूबाईंना फोन करून विचारलं, लोणचं मुरायला किती दिवस ठेवायचं?

"पातळ फडकं बांध तोंडाला आणि आठ दिवस कडक उन्हात ठेव," त्या म्हणाल्या. "रोज हलवत जा. लिंबं मिळाली का गं तिकडे चांगली?"

मिळाली, म्हणाले.

ऑगस्टचं ऊन होतं. मी सहाच्या सहा बाटल्यांची टोपणं काढली, जुन्या ओढणीचे तुकडे दोऱ्याने बांधले आणि त्या दक्षिणेच्या खिडकीत ओळीने मांडल्या. रोज सकाळी हलवायचे. लिक्विड पिवळं झालं, मग मधासारखं, मग गूळ विरघळल्यासारखं तपकिरी. जसजसा रंग चढत गेला तसतशी मी खुलत गेले. फोरमवर अंधाऱ्या कपाटाचा उल्लेख होता, मी तो वाचलाही होता, पण अमेरिकन लोकांना मुरवण्यातलं काय कळतंय, असं मनाशी म्हटलं होतं.

नवव्या दिवशी त्याने ओढली आणि खोकत खोकत बेसिनकडे गेला. चव उडून गेली होती आणि मिरपूड जाळल्यासारखा ठसका तेवढा उरला होता. उन्हाने सगळं नासलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी लहानपणापासून दुसऱ्यांना ऐकवत आले होते. त्या दिवशी बेसिनजवळ उभी राहून स्वतःला ऐकवलं आणि हमसून रडले. तो पाठीवर हात फिरवत होता. त्या हाताला सिगारेटचा वास येत होता.

परत मागवलं. परत तीन आठवडे. या वेळी मी फोरमवरचं अक्षर न् अक्षर पाळलं. बाटल्या कपड्यांच्या कपाटात, अंधारात, स्वेटरांच्या मागे. दिवसातून एकदा हलवायचं, दोन आठवडे पूर्ण झाल्याशिवाय टोपण उघडायचं नाही. त्यालाही मी बजावलं की मध्येच हात लावशील तर बघ. तो शहाण्या मुलासारखा हो म्हणाला. इतका गुणी तो कधीच नव्हता, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रोज सकाळी बूट घालताना तो विचारायचा, "अजून मुरलं नसेल ना?"

"नाही अजून."

"बरं, बरं. घाई नको करूस."

असं बोलून तो खाली जायचा. मी खिडकीतून बघायचे, गाडीत बसण्याआधी तो एक पेटवायचाच. आता तो पेपरमिंटच्या गोळ्याही खात नव्हता. लिक्विड तयार होतंय, ते झालं की सोडणारच आहे, मग आता चार ओढल्या तर काय बिघडलं, असा त्याचा हिशेब. अकराव्या दिवशी कपाटापुढे बाटली हलवता हलवता माझे हात थांबले. स्टेंट घातलेल्या माणसाला मीच सिगारेट ओढायची मुदत देत होते, आणि दर खेपेला ती वाढवतही होते. उन्हातले नऊ दिवस, पार्सलचे तीन आठवडे, आता हे दोन. माझ्या सुगरणपणात त्याचं आयुष्य चाललं होतं. मला इतकी भीती वाटली की मी तिथेच स्वेटरांच्या ढिगात बसले.

शनिवार होता, तो घरातच होता. मी तीच बाटली उघडली. आधी स्वतः ओढून पाहिली, कारण आता माझा कशावरच विश्वास उरला नव्हता. एकदा जुन्या नासक्या लिक्विडची, एकदा नव्याची. खोकून डोळ्यांत पाणी आलं, पण फरक स्पष्ट कळला. नवं मऊ होतं, वास सुक्या अंजिरासारखा. मी कार्ट्रिज भरून बाहेर त्याच्या हातात दिलं.

त्याने ओढली. खोकला नाही. पुन्हा ओढली.

"छान झालंय गं," तो म्हणाला. "खरंच मुरलंय. बिलकुल हार्श नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. इतक्या महिन्यांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. त्याने आणखी चार झुरके घेतले, नळी टेबलावर नीट ठेवली, आणि थोडा वेळ तिच्याकडे बघत बसला. मग उठून त्याने जाकीट घातलं.

"कुठे?"

"आलोच." दारात तो थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "टेस्टचा प्रॉब्लेम नव्हताच कधी. मी ते तुला सांगायला हवं होतं."

मी पाच मिनिटं तशीच उभी होते. मग कोट न घालता खाली पार्किंगमध्ये गेले. ऑक्टोबर लागला होता, वारा कापत होता. तो गाडीत बसला होता, काचा बंद, आत धूर. मी दार उघडून शेजारच्या सीटवर बसले आणि म्हटलं, "मलाही एक दे. जायचंच असेल तर दोघं जाऊ."

त्याने पाकीट पलीकडच्या खिशात टाकलं. त्याचे डोळे भरले होते. पण हातातली त्याने विझवली नाही. मला धूर लागू नये म्हणून त्याने फक्त माझ्या बाजूची काच खाली केली.