ज्याच्याकडं मुक्ता, तो पुढं

रानातून फिरून आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात. दारात बसून एकेक वेचावं, सगळी निघाली असं वाटावं, आणि पुढं कधीतरी तेच लुगडं नेसताना घोट्याला एखादं टोचावं. आमच्या रविवारच्या फिरण्याचे किस्से असेच माझ्या अंगाला चिकटून राहिलेत. भाजीच्या पाट्यांसमोर गिऱ्हाईक नसलं की एखादा टोचतो आणि मी एकटीच हसते. लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणून म्हटलं, सांगूनच टाकावेत.

मी सुभद्रा. आदिलाबाद गावाच्या कडेला माझा भाजीचा मळा आहे. शाळेत गेले नाही. मराठी वाचायला शिकले पुड्या बांधायच्या रद्दीवरून, तेलुगू शिकले बसच्या पाट्यांवरून, आणि दोन्ही कुणाच्या बापाच्या उपकाराशिवाय. आणखी एक, मी खोटं बोलत नाही. सून कशी दिसते, जेवण कसं झालं, हे गल्लीत मला कुणी विचारत नाही, ते त्याच्यामुळंच.

दिवाळी झाली की होळीपर्यंत दर रविवारी आम्ही सकाळी निघतो आणि सूर्य कलला की परततो. मी, माझा नातू यश, त्याची धाकटी बहीण चिंगी, शेजारची रेणू, रेणूची सासू कमला आणि रेणूची मुक्ता. कमलाचं किराणा दुकान आहे. माझ्याच वयाची, आणि हट्टीपणात माझ्याहून तसूभर जास्तच.

नियम एकच. ज्याच्याकडं मुक्ता, तो पुढं. बाळ ज्याच्या झोळीत, त्याची चाल ती सगळ्यांची चाल. तो थांबला की सगळे थांबले. हा नियम मी केला, कारण नाहीतर यश पार टेकडीवर आणि चिंगी अजून बांधावरच, असं व्हायचं.

आता मुक्ताचं सांगायला पाहिजे. रेणूची आधीची दोन बाळं राहिली नाहीत. मुक्ता पोटात होती तेव्हा कमलानं देवाला शब्द दिला होता, की पोर जगू दे, तिचं जावळ काढेपर्यंत तिचा पाय मी मातीला लागू देणार नाही. पोर जगली. जावळ काढायचं मामाच्या मांडीवर, आणि मामा दुबईला. त्याला रजा मिळेना. पहिला वाढदिवस झाला, दिवाळी झाली, तरी मुक्ता आपली कडेवर, झोळीत, नाहीतर वाकळेवर. रानात वाकळ अंथरली की कमला तिच्या काठावर सरहद्दीवरच्या शिपायासारखी बसायची. मुक्ता रांगत काठापर्यंत यायची, आजीकडं बघायची आणि आपली आपणच मागं वळायची.

अंगणवाडीच्या बाई रेणूला म्हणाल्या होत्या, पोरीला जमिनीवर सोडा, पायात जोर येत नाही. रेणू काय बोलणार? ती माझ्याकडं आली. "मावशी, तुमीच सांगा ना आईला. माझं त्या ऐकणार नाईत."

मी सांगितलं, तोंडावर. कमला महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पण रविवारी यायची. माझ्याकडं पाठ करून चालायची, पण यायची.

* * *

हैदराबादहून माझ्या लेकानं बाळाला पोटाशी बांधायची पिशवी पाठवली. पट्टे, चाप, बक्कल, काय काय. रेणू म्हणाली, साडीची झोळीच बरी. मी म्हटलं, आण इकडं, यात काय अवघड आहे?

बांधली. मुक्ता आत बसली, चाप खटकन लागला. ओढ्यापाशी पोचल्यावर रेणूनं तिला वरून अलगद काढून घेतलं. पिशवी मात्र माझ्या अंगावरून सुटेना. दाबलं, ओढलं, वळवलं. चाप काही दाद देईना. आयुष्यात मी कुणाला मदत मागितली नाही, एका चापापायी मागणार?

जेवताना अंगावर पिशवी. हात धुताना अंगावर पिशवी. जरा पडले तर पाठीखाली बक्कल. कमला त्या महिन्यातलं पहिलं वाक्य तेव्हा बोलली.

"काऊन वं सुभद्रे, काढून काऊन नाई राह्यली?"

खोटं मी बोलत नाही. मी म्हटलं, "निघून नाई राह्यली."

मग ती जी हसायला लागली, ती गावात शिरेपर्यंत. त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. पिशवी यशनं घरी येऊन एका बोटानं उघडली. बेण्याला रस्ताभर माहीत होतं!

* * *

यशला पुढं चालायची भारी हौस. पण मुक्ता त्याला कोण देणार? एका रविवारी बघते तर हा सगळ्यांच्या पुढं, छातीशी झोळी बांधलेली, चाल एकदम जपून. मागं वळून बघितलं तर मुक्ता रेणूकडंच. झोळीत माझ्या मळ्यातला तांबडा भोपळा! त्याला मुक्ताची टोपी घातलेली.

मी काही बोलणार एवढ्यात समोरून एक तेलुगू म्हातारी आली, डोक्यावर सीताफळांची पाटी. तिनं पाटी उतरवली. अदबीनं, आवाज बारीक करून तिनं यशला विचारलं, "पापा पडुकुंदा?" म्हणजे बाळ झोपलं का.

"अवुनु," यश म्हणाला. हो.

म्हातारीनं टोपीवरून हात फिरवले, आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली, एक मऊ झालेलं सीताफळ बाळासाठी दिलं आणि निघून गेली. पोरांनी तोंडं दाबून धरली होती. कमला मात्र गंभीर.

तो भोपळा अजून तिच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसलाय. भाजी कर म्हटलं तर म्हणते, "दृष्ट काढलेल्या लेकराले चिरतेत का कोणी?"

* * *

"किती राह्यलं?" हे आमच्यात विचारायचं नाही. ज्यानं विचारलं, त्यानं पुढच्या सागाला कान लावायचा आणि झाडाला विचारून यायचं. एवढ्यानं पोरं गप्प चालतात. मोठ्यांनाही हेच लागू.

पौषातली सकाळ होती. धुकं इतकं, की पुढं चाललेल्या रेणूची नुसती ओढणी दिसत होती, आणि ओढणीच्या वर मुक्ताचे दोन डोळे. सागाची वाळलेली पानं पायाखाली मोडत होती, त्याशिवाय रानात आवाज नव्हता. चिंगीनं विचारलं, किती राह्यलं. मी सागाकडं बोट दाखवलं.

ती गेली, कान लावला, आणि उभीच राहिली. आम्ही वाट बघतोय. धुक्यात तिचा लाल फ्रॉक हळूहळू पांढरा होत चाललाय.

"काय म्हणते झाड?" मी विचारलं.

चिंगी परत आली आणि हळूच म्हणाली, "झाड म्हणते, आता बसा."

आता झाडाचं ऐकायचा नियम माझाच. बसलो. न बोलता बसलो. जरा वेळानं धुक्यातून हरणं आली, एकामागून एक, आमच्या इतक्या जवळून की त्यांच्या नाकातली वाफ दिसत होती. मुक्तानं हात पुढं केला. एक पाडस थांबलं, तिच्याकडं बघितलं, आणि चारी पाय उचलून उड्या मारत निघून गेलं.

मुक्ता त्याच्या पायांकडं बघत राहिली. आणि मग खाली, स्वतःच्या पायांकडं. कमलानं ते बघितलं. मी कमलाकडं बघितलं.

* * *

एकदा जंगल खात्याच्या पोरानं अडवलं. नवीन भरती, गणवेशाची घडी अजून मोडलेली नव्हती. वाघाचे ठसे दिसलेत म्हणाला, लहान लेकरांना घेऊन इकडं फिरता, अक्कल आहे का. हे सगळं तेलुगूत. मी तेलुगूतच म्हटलं, अक्कल आहे, पण दुसरी वाट ठाऊक नाही, आलो त्या वाटेनं वाघ असला तर कुठून जायचं ते तूच सांग.

तो सांगायला लागला, हातवारे करून, आणि त्या आवाजानं मुक्ता जागी झाली. रडायला लागली ती थांबेना. रेणूकडं थांबेना, कमलाकडं थांबेना. त्या पोराचा चेहरा उतरला. त्यानं टोपी काढली आणि हात पुढं केले. त्याच्या खांद्यावर जाताच मुक्ता गप्प. म्हणाला, मंचेरियलला घरी माझीपण एवढीच आहे, मला ओळखतसुद्धा नाही.

आता मुक्ता त्याच्याकडं. आम्ही सगळे त्याच्या मागं रांगेत उभे. त्यानं आमच्याकडं बघितलं. आम्ही त्याच्याकडं.

"चल," मी म्हटलं.

पार डांबरी रस्त्यापर्यंत सोडलं त्यानं आम्हाला, मुक्ताला थोपटत, काहीतरी गुणगुणत. आपण का पुढं चाललोय हे बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

* * *

पुढच्या डोंगराच्या वाटेवर एक पळस आहे. त्याच्या फांद्यांवर आम्ही मुक्ताची लंगोटं वाळत घालायचो. एकदा एक राहून गेलं, माझ्याच जुन्या लुगड्याचं, निळ्या काठाचं. काही रविवार आम्ही दुसरीकडं गेलो. परत त्या वाटेला आलो तर पळसाला चिंध्याच चिंध्या. लाल, पिवळ्या, हिरव्या. बुंध्याला हळदकुंकू, खाली नारळाच्या करवंट्या. कोणीतरी वाटेनं जाताना बघितलं असणार, इथं कापड बांधलंय म्हणजे इथं मागणं मागतात. त्यानं एक बांधलं, त्याचं बघून दुसऱ्यानं.

मी बघतेय तोवर कमला चपला काढून, डोळे मिटून, हात जोडून उभी. ओठ हलत होते. काय मागत होती ते ऐकायला आलं, आणि नसतं आलं तरी मला ठाऊक होतं. मुक्ताच्या मामाची रजा.

तिनं डोळे उघडले तशी मी म्हटलं, "कमला, हे मुक्ताचं लंगोट हाये. वरचं निळं. बाकी सगळं त्याच्या मागून आलं."

तिनं वर बघितलं. निळा काठ ओळखला. चपला घातल्या.

"असू दे," ती म्हणाली. "मागून झालं."

* * *

आणि हा यंदाच्या फाल्गुनातला.

सकाळी निघायच्या वेळेलाच दुबईहून फोन आला. रजा पुन्हा पुढं गेली, आता दिवाळीनंतर बघू. रेणूनं फोन ठेवला. मुक्ताला झोळीत घेतलं आणि पुढं झाली. इतकी भरभर चालली, की नियमाप्रमाणं आम्हालाही पळावं लागलं. टेकडीभर पळस पेटलेला होता. तिनं मान वर करून बघितला नाही.

ओढ्यात पाण्याची नुसती एक दोरी उरली होती, दोन्ही अंगांना ओली रेती. काठावरच्या जांभळीच्या फांदीला झोळी बांधली. भाकरी, ठेचा, कांदा. मग ऊन जड झालं तसे सगळे जिथल्या तिथं आडवे झाले. यश पालथा, चिंगी त्याच्या पाठीवर. रेणू झोळीची दोरी हातात धरूनच झोपली. एक पारवा कुठंतरी घुमत होता, आणि तोही झोपेत घुमल्यासारखा.

माझा डोळा लागला होता आणि नव्हताही. पापण्यांच्या फटीतून दिसलं ते सांगते.

कमला उठली. रेणूच्या हातातली दोरी तिनं हळूच सोडवली आणि मुक्ताला झोळीतून काढलं. एकेकाकडं बघून घेतलं, माझ्याकडं जरा जास्तच वेळ. चपला काढल्या आणि ओल्या रेतीवर गेली. तिथं तिनं मुक्ताला खाली केलं, पण रेतीवर नाही. स्वतःच्या दोन पावलांवर उभं केलं. दोन्ही हात धरले आणि तशीच चालायला लागली, पावलावर पाऊल, म्हातारी आणि पोर. पाण्यापर्यंत गेल्या, परत फिरल्या. शब्द मोडला नव्हता.

मग कमला थांबली. वर आभाळाकडं बघितलं तिनं, बराच वेळ. आणि आपली पावलं एकेक करून मुक्ताच्या खालून काढून घेतली.

मुक्तानं बोटं आवळली, मग सोडली. खाली बघितलं. आजीचा एक हात सोडला. आणि असं हसली, की मला वाटलं आता सगळे जागे होणार.

कमलानं तिला उचललं, ओढ्यात तिचे पाय धुतले, पदरानं बोटाबोटामधून पुसले, आणि झोळीत ठेवून दोरी रेणूच्या हातात परत दिली.

निघताना रेणूनं मुक्ताला काखेला घेतलं आणि थबकली. पोरीच्या अंगठ्याच्या बेचक्यात रेती होती, थोडीशी. रेणूनं ती बोटानं पुसली, बोटाकडं बघितलं, मग सासूकडं.

"आई, रेती कुठून आली?"

कमला वाकळेची घडी घालत होती. "मघा वारा सुटला होता," ती म्हणाली.

रेणूनं वर बघितलं. जांभळीचं एक पान हलत नव्हतं. मग तिनं, यशनं, चिंगीनं, सगळ्यांनीच माझ्याकडं बघितलं. सुभद्रा खोटं बोलत नाही, हे पोरांनाही ठाऊक. कमलानं तेवढं बघितलं नाही, तिचे हात घडीवरच थांबले होते.

"हो ना," मी म्हटलं, "लय वारा होता."