साखळीला लोणी

लढाईच्या दिवसांत मी लोणावळ्याहून कुरवंड्याच्या शाळेत शिकवायला सायकलवर जायचो आणि ती शाळेशेजारच्या आबांच्या गोठ्यात ठेवायचो. साखळीला शिलाई मशीनचं पातळ तेलच लागतं, हे आबांना कधी पटलं नाही. बैलगाडीच्या आसाचं काळं वंगण ते न विचारता तिच्यावर थापायचे. मुश्किलीने मिळालेल्या रॉकेलने मी ते घासून काढलं, की "कोरडी पडलीया," म्हणत पुन्हा थापायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं. शाळा सुटल्यावर पाहतो, तर मांजर माझी साखळी चाटत बसलेलं.

"आबा, ही काय बैल आहे?"

"चढावर तुमचं वझं तीच वढती न्हवं, मास्तर? तिचा खांदा काय घावंना, म्हनून साखळीला लावलं."