बाटलीतला मनीप्लांट

मनीप्लांटचं पाणी बदलताना कुजका वास आला आणि शहागंजातल्या सासरची ती बाहेरची खोली आठवली. पाळीत मला तिथं बाजूला बसवत. घरातल्या कशाला हात लावायचा नाही. खिडकीत सासूबाईंचा मनीप्लांट मरायला टेकला होता. बसल्या बसल्या मी त्याची सडकी मुळं कापली, बाटली घासली, ताजं पाणी भरलं.

पुढं कोवळी पानं फुटली. सासूबाई हरखल्या. "कुणी जगवला गं?"

"मीच, आत्याबाई. बाजूला बसले होते तवा."

त्यांनी हिरवागार वेल उपसून नालीत फेकला. "विटाळाचं झाड घरात नाय चालत."

आता त्या अंथरुणाला खिळल्यात. त्यांचं हागणं-मुतणं मीच काढते. ही नव्या मनीप्लांटची बाटलीही त्यांच्या उशाशी मीच ठेवलीय. पाणी बदलताना दरवेळी हळूच विचारते, "आत्याबाई, फेकू का?"